कमळाबाईच्या उजवीकडची खुर्ची

वाल्मीक ऑपरेटर कुठे भेटेल असं भिवंडीतल्या जुन्या माणसांना विचारलं, की ती बोट वर करायची. कारण वाल्मीक सापडायचा तो वरच. टॉकीजच्या बाल्कनीमागचा लोखंडी जिना चढायचा, डोकं वाकवून आत शिरायचं, की ती केबिन. दोन मशीनं, एक स्टूल, रिळांची पत्र्याची खोकी आणि भिंतीत पडद्याच्या बाजूला वहीच्या पानाएवढ्या दोन खिडक्या. तिथे या माणसानं एकतीस वर्षं काढली. लोकांना वाटतं, सिनेमा पडद्यावर असतो. कसला डोंबलाचा पडद्यावर! पडद्यावर नुसता उजेड पडतो. सिनेमा असतो ऑपरेटरच्या हातात, आणि त्याचा हात चुकला की तेच लोक मागं वळून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. नीट चालला तर मात्र त्याची आठवण कुणालाही येत नाही.

एक सिनेमा म्हणजे आठ-दहा मोठी रिळं. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकतो. तो दिसला की ऑपरेटरनं दुसरं मशीन चालू करायचं. पुन्हा ठिपका चमकतो, तेव्हा या मशीनवरून त्या मशीनवर जायचं, असं की खाली बसलेल्याला पत्ताही लागू नये. तुम्ही-आम्ही शेकडो सिनेमे बघितले असतील, पण तो ठिपका कधी बघितला नसेल. वाल्मीकनं दुसरं काही बघितलंच नाही. दर अठरा-वीस मिनिटांनी उठायचं हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की बुद्धविहारात वंदना चालू असतानाही तो मध्येच उठून उभा राहायचा आणि मग ओशाळून खाली बसायचा.

बोलायचा मात्र कमी. केबिनमध्ये बोलणार कुणाशी? मशीनच्या घरघरीत स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे. घरी तरी बोलेल म्हणावं, तर घरी होती कमळाबाई, आणि तिला ऐकू कमी यायचं.

कमळाबाई पडघ्याकडची. चौदाव्या वर्षापासून ती लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात कांड्या भरायची. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरायचं काम बायकांकडे असतं. एका पत्र्याखाली पन्नास-साठ लूम धडाधडा चालणार, आणि त्यांच्यात बसून बायका कांड्या भरणार. ज्यानं तो आवाज ऐकला नाही त्याला सांगून समजायचा नाही. डाव्या बाजूला लूम, म्हणून तिचा डावा कान लवकर गेला. उजव्यानं थोडंफार चालायचं. पण कारखान्यातल्या बायका काही मुक्या बसत नाहीत. त्या ओठांवरून बोलणं वाचतात. कमळाबाई तर असली तयार, की समोरच्या गल्लीत सासू सुनेला काय बोलते ते इथे ओट्यावर बसून सांगायची.

रात्रीचा शेवटचा खेळ संपवून वाल्मीक घरी यायचा तेव्हा गल्ली झोपलेली असे. दार वाजवलं तर बायकोला ऐकू यायचं नाही आणि शेजारी जागे व्हायचे. म्हणून कमळाबाईनं एक युक्ती काढली. कारखान्यातला पक्का दोरा मनगटाला बांधायचा, दुसरं टोक दाराच्या फटीतून बाहेर सोडायचं. नवरा आला की त्यानं दोरा ओढायचा. दार उघडलं की त्याचं ठरलेलं वाक्य असे, "भूक लागलीय. काही उरलंय का?" कमळाबाई ताट वाढायची. तो जेवायचा, झोपायचा. लग्न झालं पंच्याहत्तर साली. तेव्हापासून टॉकीज बंद पडेपर्यंत त्या संसारातलं रोजचं संभाषण म्हणाल, तर एवढंच.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांच्या लग्नाच्याच वर्षी टॉकीजला एक हिंदी सिनेमा लागला. नाव राहू द्या, तसे सतरा सिनेमे निघाले. नवरा-बायकोचं भांडण होतं, नवरा रागानं घर सोडतो आणि सात वर्षांनी परत येतो. शेवटी तो आपल्याच घराच्या बंद दारापुढे उभा राहतो. हळू आवाजात काहीतरी बोलतो. दार उघडतं, बायको रडते, हसते, त्याला आत घेते आणि खेळ खलास. चौदा आठवडे हाऊसफुल. नेमकं त्या बोलण्याच्या वेळी पब्लिक अशा शिट्ट्या मारायचं, की चांगल्या कानाच्या माणसालाही काही ऐकू येत नसे. कमळाबाईला एरवी शिट्ट्यांचं काही वाटायचं नाही, ती ओठ वाचायची. पण त्या मेल्या हिरोची तिथे आपल्याकडे पाठ होती.

तो दारात काय म्हणाला? कांड्या भरणाऱ्या बायकांत यावर वर्षभर वाद चालला. कमळाबाईची मैत्रीण ठमाबाई छातीवर हात मारून सांगायची की तो म्हणाला, मला माफ कर. मैना म्हणायची, छे, तो देवाची शपथ घेतो. कमळाबाईला यातलं काहीच पटेना. नुसतं माफ कर म्हटल्यावर सात वर्षं सोसलेली बाई दार उघडेल होय? तिनं तो सिनेमा त्या वर्षी तीनदा बघितला. तिन्ही वेळा बाल्कनीतली शेवटची रांग, केबिनच्या खिडकीच्या बरोबर खाली. वाल्मीक बुकिंगवाल्याला सांगून शेजारची खुर्ची स्वतःसाठी मोकळी ठेवायला लावायचा. म्हणायचा, मध्ये येऊन बसतो पाच मिनिटं. एकदाही आला नाही. येणार कसा? ठिपका कुणाची वाट बघतो का?

शेवटी तिनं नवऱ्यालाच विचारलं. त्यानं सांगितलं, "आता न्हाय. एकदा तुझ्या शेजारी बसून बघू, तवा सांगीन."

कमळाबाईला ते फार आवडलं. नवरा काहीतरी राखून ठेवतोय, शेजारी बसून कानात सांगणार आहे, म्हणून ती थांबली. पण आता खरं काय ते सांगून टाकतो. वाल्मीकला ते वाक्य माहीतच नव्हतं. शेवटचं रीळ लागलं की ऑपरेटरला जोडायला पुढचं रीळ नसतं, पण पुढचा खेळ उभा असतो. तो आधीची रिळं उलटी गुंडाळायला घेतो, आणि ते गुंडाळायचं चाक असं किंचाळतं की दुसरं काही ऐकू येत नाही. चौदा आठवडे, रोज चार खेळ, आणि त्यानं सिनेमाचा शेवट पाठमोरा काढला. बायकोनं विचारलं तेव्हा नवीन लग्न होतं. ऑपरेटर असून माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून बिचाऱ्यानं वेळ मारून नेली. ती वेळ तीस वर्षं पुरली.

दोन हजार चार साली टॉकीज बंद झाली. आता तिथे कापडाचं गोदाम आहे. वाल्मीक घरी बसला आणि घरात त्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. कमळाबाईनंही काम सोडलं होतं. तोवर तिचा उजवा कानही उतरणीला लागला होता. डॉक्टरनं कानातलं मशीन दिलं, ते लावलं की तिला घरामागच्या कारखान्यातले लूम तेवढे दुप्पट ऐकू यायचे. तिनं ते डब्यात घालून डबा फळीवर ठेवून दिला. डॉक्टरनं हेही सांगितलं होतं की जे आहे ते टिकेल असं धरू नका. त्या दिवशी दवाखान्यातून येताना ती रिक्षात एवढंच म्हणाली, "तो सिनेमा बगायचा राह्यला." वाल्मीक बाहेर बघत बसला.

दोन वर्षांनी योग आला. त्यांचा मुलगा धम्मपाल मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर होता. तिथल्या ऑफिसात मिटिंगसाठी भिंतीवर चित्र टाकायचं मशीन होतं. नवीन आलं तेव्हा साहेबानं जुनं याला देऊन टाकलं. धम्मपालनं ते घरी आणून बापाच्या पुढ्यात ठेवलं. डब्याएवढं मशीन! वाल्मीकनं ते सगळीकडून फिरवून बघितलं आणि रीळ कुठे लावायचं असं विचारलं. धम्मपालची बायको रिया हसू दाबत आत गेली. पण दिवा लावला आणि भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला, तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून कुणाला हसू आलं नाही.

झालं, माणूस कामाला लागला. वरची खोली धम्मपालनं नुकतीच चढवली होती, तिची टॉकीज करायचं ठरलं. पडद्याला चादर लावू म्हणाले तर वाल्मीक चिडला. चादरीला शिवण असते, हिरोइनच्या नाकावरून शिवण गेली तर? शेजारचा महादू मोठ्या पन्ह्याच्या लूमवर मिस्त्री होता. त्यानं बिनशिवणीचं कोरं कापड आणून दिलं. ते चौकटीवर ताणून बसवलं. स्पीकर कुठे ठेवायचे यावर बाप-लेकाचं वाजलं. धम्मपाल म्हणे कोपऱ्यात, बाप म्हणे पडद्याच्या मागं, कारण माणूस बोलतो तोंडातून, कोपऱ्यातून नाही. स्पीकर पडद्यामागं गेले. खिडक्यांना गोणपाट, त्यावर काळा कागद. दुपारी दोन वाजता दार लावलं तर स्वतःचा हात दिसू नये, ही त्याची परीक्षा. भंगारवाल्याकडून टॉकीजच्याच बाल्कनीतल्या, एकमेकींना जोडलेल्या दोन लाल खुर्च्या त्यानं शोधून आणल्या. रियानं त्यांचं फाटलेलं रेक्झिन शिवून दिलं.

कमळाबाई रोज वर येऊन बघायची आणि काही न बोलता खाली जायची. पण शेजारपाजारी तिनं सांगून ठेवलं होतं की यंदा आमचे हे माझ्या शेजारी बसणार आहेत. साठीला आलेली बाई ते सांगताना लाजायची, असं ठमाबाईनं गल्लीभर केलं.

आणि या शहाण्यानं काय करावं? खोलीच्या मागच्या भिंतीपासून चार फूट सोडून त्यानं प्लायवूडचा आडोसा उभा केला. त्याला दार केलं. आणि पडद्याच्या बाजूला, वहीच्या पानाएवढी खिडकी कापली. धम्मपालनं विचारलं, बाबा, हे काय? तर म्हणाला, केबिन. मशीनचा पंखा घरघरतो, उजेड सांडतो, पब्लिकच्या मधोमध मशीन ठेवतात होय रे? धम्मपालनं आईकडे बघितलं. आई आडोशाकडे बघत होती. ती जिना उतरून गेली. वाल्मीक खिडकीची कड कानशीनं घासत राहिला. आपण काय केलं हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सिनेमा मिळाला तो तीन सीडींवर; सीडी लावायचं मशीन घरात होतंच. रियानं बाजारातली दुकानं पालथी घालून तो शोधला. शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना वाल्मीकनं तिसरी सीडी हातात घेतली. लावावी आणि ऐकून घ्यावं, काय म्हणतो तो. उद्या लाज जायला नको. सीडी घातली, मशीन फिरू लागलं, आणि त्यानं ती पुन्हा बाहेर काढली. तिला तीस वर्षं थांबवलं आणि आपण चोरून आधी ऐकायचं, हे त्याच्या मनाला बरं वाटेना.

रविवारी दीडचा खेळ ठरला. साडेचारला लाईट जायची होती. तेव्हा लोडशेडिंग असं होतं की लोक लग्नाचा मुहूर्तसुद्धा लाईटचं वेळापत्रक बघून काढायचे. साडेचारच्या आत सगळं आटपणार होतं. कमळाबाई निळं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून वर आली आणि लाल खुर्चीत बसली. खाली सतरंजीवर महादू, धम्मपाल, रिया, गल्लीतली दोन-चार माणसं. वाल्मीकनं टॉकीजची घंटा वाजवली (हो, घंटाही आणली होती), आत जाऊन प्लायवूडचं दार लावून घेतलं आणि सिनेमा सुरू झाला.

चित्र सुरेख पडलं. वाल्मीक खिडकीला डोळा लावून बघत होता. अठरा मिनिटांनी कोपऱ्यात ठिपका चमकला. सीडी जुन्या रिळांवरूनच उतरवलेली, ठिपकेही तिच्यात उतरले होते. वाल्मीकचा हात आपोआप डावीकडे दुसऱ्या मशीनवर गेला. तिथे मशीन नव्हतंच, प्लायवूड होतं. हात आपटला.

तेवढ्यात ठमाबाई उशिरानं आली. गुडघे दुखतात, सतरंजीवर कशी बसू, म्हणत ती रिकाम्या लाल खुर्चीकडे वळली. कमळाबाईनं खुर्चीवर हात आडवा ठेवला. ज्यांना ऐकू कमी येतं ती माणसं बोलतात मोठ्यानं. केबिनमध्ये शब्द न् शब्द पोचला.

"तिथं नको गं. तिथं माणूस बसायचं हाय."

वाल्मीक खिडकीतून बघत राहिला. बायकोचं डोकं, गजरा आणि शेजारी रिकामी खुर्ची, तिच्यावर तिचा रुमाल. हे चित्र त्यानं आधी बघितलं होतं. पंच्याहत्तर साली बघितलं होतं, नंतर दोनदा हा सिनेमा परत लागला तेव्हा बघितलं होतं, आणि मधल्या कितीतरी सिनेमांना. खुर्ची दर वेळी तिच्या उजव्या हाताला असायची. ज्या कानानं ऐकू येतं त्या बाजूला. माणसानं पडद्याच्या कोपऱ्यातला मोहरीएवढा ठिपका एकतीस वर्षं टिपला, आणि खिडकीच्या खाली दोन हातांवरची खुर्ची त्याला दिसली नाही. त्याला स्वतःची अशी चीड आली की म्हणता सोय नाही.

पहिली सीडी संपायची वाटही न बघता तो दार उघडून बाहेर आला. ठमाबाईला धम्मपालनं खालून खुर्ची आणून दिली होती. वाल्मीकनं रुमाल उचलून कमळाबाईच्या हातात दिला आणि तो बसला. सीडी बदलायचं काम धम्मपालकडे गेलं. कमळाबाईनं नवऱ्याकडे बघितलं नाही. ती पडद्याकडेच बघत राहिली, फक्त तिनं पदर सावरला.

मग हा माणूस बोलायला लागला. जन्मात बोलला नव्हता तेवढा. आता सासरा म्हणतो घर माझं हाय, आता ही म्हणते मी माहेरी जानार न्हाय. तिच्या कानाशी सांगायचं तर ओरडून सांगावं लागे, त्यामुळे सगळ्या खोलीला दोनदा सिनेमा ऐकू येऊ लागला, एकदा हिंदीत, एकदा वाल्मीकच्या तोंडून. महादूनं एकदा मागं वळून बघितलं. पण ठमाबाई खूश झाली, तिचेही कान कारखान्यानंच खाल्ले होते. ती म्हणाली, भावजी, जरा इकडंपन तोंड करून बोला. मधूनमधून ठिपका चमकला की वाल्मीक ताडकन उठायचा. दर वेळी कमळाबाई त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवायची.

मध्यंतर त्यानं सोडलं नाही. मध्यंतराशिवाय सिनेमा असतो का? रियानं बटाटेवडे केले होते, चहा होता, ठमाबाईनं गुडघ्यांचा सगळा इतिहास सांगितला. पंधरा मिनिटांची पस्तीस झाली. तिसऱ्या सीडीत हिरो गाडीतून उतरला, गल्लीत शिरला, दाराच्या पायरीवर त्यानं पाय ठेवला, आणि साडेचार वाजले. लाईट गेली.

"ऑपरेटर!" म्हणून महादू अंधारात जुन्या सवयीनं ओरडला, आणि वाल्मीक जुन्या सवयीनं उठला. सदरा पुन्हा ओढला गेला.

लोक थोडा वेळ थांबले. मग एकेक करून उठले. कुणाचं दळण होतं, कुणाची शिफ्ट. साडेसहाला येतो म्हणाले. ठमाबाईला जिना उतरवायला धम्मपाल आणि रिया दोघंही गेली. खोलीत ही दोघं राहिली. गोणपाटाच्या फटीतून थोडा उजेड येत होता, तेवढाच.

आणि गल्ली शांत झाली होती. लाईट गेली की भिवंडीतले सगळे लूम एकदम थांबतात. मागच्या कारखान्याची धडधड थांबली, त्याच्या मागच्याची थांबली, आणि एवढी शांतता झाली की खाली नळ ठिबकत होता तोही ऐकू यावा. अशा वेळी कमळाबाईचा उजवा कान बरा चालायचा.

"कमळा," वाल्मीक म्हणाला, "एक सांगायचं हाय."

"सांगा. आता येतंय आयकू."

"तो दारात काय बोलतो ते मला ठाव न्हाय. कंदीच नव्हतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. शेवटचं रीळ, उलटी गुंडाळायची रिळं, किंचाळणारं चाक, वाटलेली लाज. सांगताना तो पडद्याकडे बघत होता, जिथे काहीही नव्हतं.

कमळाबाई रुमालाची घडी घालत राहिली, मोडत राहिली. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट वाटलं होतं. तीस वर्षं तिनं एक गोष्ट जपून ठेवली होती आणि आत काहीच नव्हतं.

"तवाच सांगितलं असतं तर?"

"ऑपरेटर असून ठाव न्हाय म्हनायचं, लाज वाटली."

"ऑपरेटरला कोन विचारत व्हतं?" कमळाबाई म्हणाली. "मी नवऱ्याला विचारत व्हते."

वाल्मीक मान खाली घालून बसला. त्याला वाटलं, आता ही उठून खाली जाईल, आणि गेली तर आपण तिला अडवायचं कोणत्या तोंडानं? केबिनमध्ये जाऊन बसावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तिथे निदान कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. पण तो उठला नाही. कमळाबाईही उठली नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली की लाईट येऊ द्या, आता आलोय तर बघूनच जाऊ. मग म्हणाली की पाठ अवघडली, जरा इकडे सरका. लाल खुर्च्यांच्या मधला हात मोडकाच होता, तो तिनं उचलून मागं टाकला.

साडेसहाला लाईट आली. गल्लीतले लूम एकापाठोपाठ एक धडधडायला लागले आणि कमळाबाईचं ऐकणं पुन्हा बुडालं. बाकीची मंडळी अजून यायची होती. धम्मपाल धावत वर आला, त्यानं सीडी पुढं पळवली आणि नेमकी जागा काढून दिली. मग दोघांकडे एकदा बघून तो केबिनमध्येच थांबला.

हिरोनं पायरीवर पाय ठेवला. दारापुढे उभा राहिला. पाठ आपल्याकडे. या खेळाला शिट्टी मारायला कुणी नव्हतं, आणि उलटं गुंडाळायला रीळ नव्हतं. पडद्यामागच्या स्पीकरमधून हिरोचा आवाज स्वच्छ आला.

"भूख लगी है. कुछ बचा है क्या?"

दार उघडलं.

वाल्मीक तोंड उघडं टाकून बघत राहिला. कमळाबाईनं त्याचं कोपर हलवलं. "काय म्हनला? अवो, काय म्हनला तो?"

त्यानं तिच्याकडे तोंड वळवलं. पडद्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता, ओठ तिला नीट दिसत होते. तरी तो मोठ्यानं बोलला, खाली रियालासुद्धा ऐकू जाईल एवढ्या.

"भूक लागलीय. काही उरलंय का?"

कमळाबाईला आधी वाटलं, हा आपल्याच भुकेचं बोलतोय. तिनं पडद्याकडे बोट करून पुन्हा विचारलं, मी त्याचं विचारते. वाल्मीकनंही पडद्याकडे बोट केलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग तिच्या ध्यानात आलं.

आधी तिचे खांदे हलले. मग ती हसायला लागली. एवढी हसली की गजरा सुटून मांडीवर पडला, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं रुमालानं पुसलं आणि पुन्हा हसली. शेवटचं पुसलेलं पाणी काही हसण्याचं नव्हतं, पण तिनं ते लपवलं नाही.

"हे व्हय? हे तर तुमी मला रोज म्हनत व्हता."

पडद्यावर बायकोनं नवऱ्याला आत घेतलं होतं, दार लागत होतं, आणि कोपऱ्यात शेवटचा ठिपका चमकला. वाल्मीकनं तो पाहिला आणि बसून राहिला. पडदा कोरा झाला.

"परत लावा," कमळाबाई म्हणाली. "तेवढंच. दारातलं."

तो तत्परतेनं उठायला गेला. तिनं सदरा घट्ट धरला.

"तुमी नका उठू. लेक लावील की."

धम्मपालनं लावलं.